आजाराची नोंद कोणाची?

आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झाले. या योजनेत इच्छुक नागरिकाला 14 अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो आणि तपासणीचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या व इस्पितळातील नोंदी त्याला जोडता येतात. कागदांची पिशवी घेऊन एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात धावणाऱ्या कुटुंबाला या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

समाजमाध्यमांवरील चर्चा मात्र दोन टोकांना गेली आहे. ‘सर्व माहिती दिल्लीत एका जागी साठवली जाते’ हा एका बाजूचा दावा. तो बरोबर नाही. योजनेच्या रचनेनुसार नोंद जेथे तयार झाली तेथेच राहते आणि रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे पाठविली जाते. ‘माहिती पूर्णपणे सुरक्षित आहे’ हा दुसऱ्या बाजूचा विश्वासही तितकाच भाबडा आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, तेव्हा तेथील कामकाज अनेक दिवस हाताने कागदावर चालवावे लागले.

खरा प्रश्न संमतीचा आहे. आभा क्रमांक ऐच्छिक आहे. तो नसल्यास उपचार नाकारता येत नाहीत. तरीही 2021 मध्ये लसीकरणाच्या वेळी आधार कार्ड दाखविणाऱ्या अनेकांचा आरोग्य क्रमांक त्यांच्या नकळत तयार झाला होता. रांगेत उभ्या असलेल्या वृद्धेने मोबाईलवर आलेला ओटीपी निमूटपणे सांगितला, तर त्यास संमती म्हणता येईल काय? खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. क्षयरोग, मनोविकार किंवा एचआयव्ही यांची नोंद उघड झाल्यास नोकरी, विवाह, शेजार हे सारेच पणास लागते. म्हणून हा अधिकार रुग्णाला सर्वाधिक हवा असतो.

शासनाला जाब विचारताना आपणही आपल्याकडे पाहिले पाहिजे. मदतीच्या आवाहनासोबत रुग्णाचे नाव, छायाचित्र आणि संपूर्ण अहवाल आपण व्हॉट्सॲपवर सहज पुढे पाठवितो. हेतू चांगला असतो. परंतु अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाला कोणी विचारलेले असते काय? मदत मिळून तो बरा होईल, पण तो कागद मात्र फिरतच राहील. आजारी माणसाची प्रतिष्ठा जपण्याची सुरुवात आपल्या हातातील मोबाईलपासून व्हावी.