चाई पडलेल्या लेकराला दूर बसवू नका

लेकराच्या डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा दिसला की आपल्या वस्तीत लगेच तीन प्रश्न येतात. कोणाचा कंगवा वापरला? कोणाची नजर लागली? आणि मुलगी असेल तर, आता हिचं लग्न कसं व्हायचं? हे सगळं त्या लेकरासमोरच चालतं. त्याला काय वाटतंय, हे मात्र कोणी विचारत नाही.

या चट्ट्याला आपण चाई म्हणतो, काही भागांत उंदरी म्हणतात. डॉक्टर केसपेपरवर अ‍ॅलोपेशिया एरियाटा लिहितात. रोगाशी लढणारी आपल्याच शरीरातली यंत्रणा केसांच्या मुळांना परकं समजते आणि त्यांच्यावर उलटते, म्हणून केस गळतात. यात किडा नाही, जंतू नाही. त्यामुळे चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. कंगव्याने नाही, उशीने नाही, मांडीवर घेतल्यानेही नाही. आईने ग्रहण पाळलं की नाही, याचाही काही संबंध नाही. शंभर माणसांत साधारण दोघांना आयुष्यात कधी तरी चाई पडते, आणि पुष्कळांची सुरुवात लहानपणीच होते.

केसांचं मूळ मरत नाही, ही यातली चांगली गोष्ट. एक-दोन चट्टे असतील तर बहुतेक मुलांचे केस वर्षभरात परत येतात. आधी पांढुरके मऊ, मग काळे. पण पुन्हा गळूही शकतात, आणि थोड्या मुलांचं सगळं डोकं, भुवया, पापण्याही जातात. हे आईबापांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं. नाही तर दुसऱ्यांदा चट्टा पडला की घरात एकमेकांना दोष देणं सुरू होतं.

मात्र प्रत्येक चट्टा चाईचा नसतो. टाळूवर पापुद्रे, खाज, मुळाशी तुटलेले केस, काळे ठिपके, कधी पू धरलेली सूज असेल तर तो डोक्याचा नायटा असू शकतो. तो मात्र लागतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत एक कंगवा असेल तर भावंडांचीही डोकी बघावी लागतात. तो नुसत्या मलमाने जात नाही, काही आठवडे पोटातून औषध घ्यावं लागतं. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावली तर वरून बरा वाटतो आणि आतून पसरतो. डेंग्यू किंवा टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात, ते बहुधा आपोआप येतात. घट्ट वेण्यांनी कपाळाजवळचे केस जातात. काही मुलं मनावरच्या ताणाने स्वतःच केस उपटतात. त्यांना मारून ते थांबत नाही, वाढतं. यातलं काय आहे हे त्वचारोगाच्या डॉक्टरांनी ठरवायचं, शेजारच्या काकूंनी नाही. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना लेकराचं डोकं दाखवा, पुढे कुठे जायचं ते सांगतात. जिल्हा रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

लसूण चोळून टाळू भाजलेली मुलं मी वॉर्डात पाहिली आहेत. ब्लेडने खरवडून रक्त काढलेली पाहिली आहेत. हस्तिदंताचं भस्म म्हणून कसली तरी राख विकली जाते आणि आई मंगळसूत्र गहाण ठेवून ती आणते. भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आणि तिच्याखाली बसलेल्या पोराच्या दंडाला ताईत, असं घर दिसलं की मला राग येतो. पण त्या आईचा नाही. ताईत देणारा बाबा तिचं अर्धा तास ऐकून घेतो. ओपीडीत दोन मिनिटांत केसपेपर सरकवला जातो आणि आजाराचं नावसुद्धा मराठीत सांगितलं जात नाही. अंधश्रद्धा सोडा म्हणणाऱ्या आपण कार्यकर्त्यांनी तिच्याबरोबर ओपीडीच्या रांगेत उभं राहिलं पाहिजे.

उपचार काय? लहान मुलांना बहुतेक वेळा लावायचं औषध देतात, मोठ्या मुलांना चट्ट्यात इंजेक्शन. कधी डॉक्टर नुसतं थांबून पाहू म्हणतात, तोही उपचारच आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये बारा वर्षांपुढच्या, जास्त केस गेलेल्या मुलांसाठी रिटलेसिटिनिब नावाच्या गोळीला मंजुरी मिळाली. अशा गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून आधी टीबीची तपासणी लागते. आपल्या वस्त्यांत टीबी किती आहे हे सांगायला नको. मोबाईलवर नाव वाचून कोणी परस्पर गोळ्या मागवू नयेत.

आता जे मला मुख्य सांगायचं आहे ते. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलं आहे की साताऱ्यात न्हावी होते, त्यांना द्यायला घरात पैसेही होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही तयार नव्हता. त्यांचे केस थोरली बहीण कापायची. आज आपल्याच वस्तीतल्या सलूनमध्ये चाई पडलेल्या पोराला खुर्चीवर बसू देत नाहीत. विहारातल्या संस्कार वर्गात शेजारची मुलं सरकून बसतात, आणि त्यांना सरकायला सांगणारे आपणच असतो. २०२४ संपता संपता बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले, तेव्हाही असंच झालं. तो प्रकार चाईचा नव्हता. पण ‘टक्कल व्हायरस’ हे नाव आधी पसरलं. नंतर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात आणि रेशनच्या गव्हात सेलेनियम जास्त असल्याचं सांगितलं. तोवर भीतीने आपलं काम केलं होतं.

घरात लेकराशी खरं बोला. “तुझी काही चूक नाही, हे दुखत नाही, कोणाला लागत नाही,” एवढं पाच वर्षांच्या मुलालाही समजतं. शाळेत कोणी विचारलं तर काय म्हणायचं ते दोन-तीनदा घरी म्हणून घ्या: “मला चाई पडलीय, तुला लागणार नाही, चल खेळू.” टोपी किंवा ओढणी घ्यायची की नाही हे लेकराने ठरवायचं. उन्हात मात्र डोकं झाकावं, पापण्या गेल्या असतील तर धुळीसाठी साधा चष्मा. मुख्याध्यापकांना स्वतः भेटा, वर्गात टोपी चालेल असं आधीच ठरवून घ्या, आणि डॉक्टरांकडून ‘हा आजार संसर्गजन्य नाही’ अशी चिठ्ठी मागा. ती चिठ्ठी सलूनवाल्यालाही दाखवता येते. लग्नाच्या, जयंतीच्या फोटोंतून लेकराला मागे सारू नका.

कोणी समजूत काढायला म्हणतं, “अरे, भन्तेजींसारखा दिसतोस.” प्रेमानेच म्हणतात, पण म्हणू नये. श्रामणेर शिबिरातला मुलगा आपणहून मुंडण करतो, दहा दिवसांनी घरी येतो आणि केस वाढतात. या लेकराला कोणी विचारलं नव्हतं. त्याला रडायचं असेल तर रडू द्या.

शाळेला जायचं नाही म्हणून रोज पोट दुखतंय, जेवण सुटलंय, खेळ बंद झालाय, किंवा “मी नसतो तर बरं” असं काही बोललं, तर केसांच्या औषधाआधी मनाच्या डॉक्टरांची गरज आहे. शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे. फोन मोफत, रात्रीसुद्धा चालू असतो, मराठीत बोलता येतं.