खालचा पलंग मागून घ्या

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये पिंपरीत आली, पुढे टेल्को, आकुर्डीत बजाज. या कारखान्यांतून निवृत्त झालेली जोडपी एरवी टूरच्या बसनेच फिरतात. त्यांनी एकदा हॉस्टेलात उतरावंच. रात्रपाळीहून येऊन, दिवा न लावता, कोणाची झोप न मोडता अंथरुणात शिरणाऱ्याला सामायिक खोलीची शिस्त शिकवावी लागत नाही. फोनवर खालचा पलंग आधीच मागावा, लॉकरसाठी कुलूप न्यावं, उशाशी विजेरी ठेवावी. काही खासगी हॉस्टेलं वयाची अट घालतात; आम्हाला ती मुळीच पटत नाही. जर्मनीत शिक्षक रिचर्ड शिरमान यांनी यूथ हॉस्टेलची सोय मुलांसाठी सुरू केली खरी, पण आपल्या यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचं सदस्यत्व ज्येष्ठांनाही मिळतं. या अंकात पहिल्यांदाच असं राहून आलेल्या जोडप्यांचे अनुभव वाचा.