शीत दुर्बीण आणि भारताचा वाटा

वैशाखाच्या तोंडावर खानदेशातील ऊन माणसाला सावलीबाहेर पाऊल टाकू देत नाही. अशा दिवसांत नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावात घरोघरी जी वस्तू जिवापाड जपली जाते ती म्हणजे मातीचा माठ. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, बाहेरच्या हवेत त्याची वाफ होते आणि जाताना ती वाफ आतल्या पाण्याची उष्णता बरोबर घेऊन जाते. थोडे पाणी खर्ची पडते, म्हणून उरलेले गार राहते. मानवाने आकाशात धाडलेल्या पहिल्या अवरक्त दुर्बिणी नेमक्या याच तत्त्वावर चालल्या. फरक एवढाच की, तेथे पाण्याच्या जागी द्रवरूप हेलियम होता आणि गारवा उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपासचा होता. माठातले पाणी संपले की पुन्हा भरता येते. अंतराळातला हेलियम मात्र संपला की दुर्बिणीची खरी दृष्टी मावळते.

दुर्बिणीला एवढा गारवा कशासाठी, हा प्रश्न कोणत्याही चौकस विद्यार्थ्याच्या मनात येईल. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाचे लोलकाने रंग पाडले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तेथे, तापमापक ठेवला. पारा चढला. डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे ते किरण म्हणजेच अवरक्त किरण. विश्वातील जे जे थंड आणि धुळीने झाकलेले आहे, ते याच किरणांतून बोलते. तारे जेथे जन्माला येतात ते मेघ साध्या प्रकाशात काळेकुट्ट दिसतात. अवरक्त किरण मात्र त्या धुळीतून वाट काढून बाहेर येतात. अडचण अशी की, ऊब असलेली प्रत्येक वस्तू हे किरण फेकत असते. मनुष्यदेह फेकतो, पृथ्वीचे वातावरण फेकते आणि दुर्बिणीचा आरसाही फेकतो. सामान्य तापमानाच्या दुर्बिणीने दूरचा अवरक्त तारकामेघ पाहणे म्हणजे भर दुपारी, हातात पेटती मशाल धरून, आकाशात तारा शोधण्यासारखे आहे. दुपार टाळण्यासाठी वातावरणाबाहेर जावे लागते आणि मशाल विझविण्यासाठी दुर्बीण थंड करावी लागते. शीत अवकाश दुर्बिणीचे सारे प्रयोजन या दोन गरजांत सामावले आहे.

या दोन गरजा भागविणे इतके अवघड आणि खर्चाचे आहे की, संपन्न राष्ट्रांनीही हे काम बहुधा एकट्याने केलेले नाही. २५ जानेवारी १९८३ रोजी ‘आयरास’ ही दुर्बीण आकाशात गेली. तिची दुर्बीण व शोधक यंत्रे अमेरिकेची, वाहक उपग्रह नेदरलँड्सचा आणि भूमीवरील नियंत्रण केंद्र ब्रिटनचे, अशी ती वाटणी होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हेलियम संपला. परंतु त्या दहा महिन्यांत तिने आकाशाचा सुमारे ९६ टक्के भाग पाहून साडेतीन लाखांच्या आसपास अवरक्त स्रोत नोंदविले. आपण ज्याला अभिजित म्हणतो, त्या ताऱ्याभोवती धुळीचे कडे असल्याचे तिनेच प्रथम दाखविले. दुसऱ्या सूर्यांभोवती ग्रह घडण्याची सामग्री असते, याचा तो पहिला मोठा पुरावा ठरला.

पुढील प्रयत्नांतही हेच सूत्र दिसते. जपानने २००६ साली सोडलेल्या ‘अकारी’ला युरोपीय अवकाश संस्थेचे, ब्रिटन व नेदरलँड्समधील संशोधकांचे आणि दक्षिण कोरियातील सोल विद्यापीठाचे साहाय्य होते. २५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेली जेम्स वेब दुर्बीण ही अमेरिका, युरोप आणि कॅनडा यांची. युरोपने प्रक्षेपक आणि उपकरणे दिली, कॅनडाने एक उपकरण आणि दिशादर्शक यंत्रणा दिली. त्या बदल्यात युरोपीय शास्त्रज्ञांना निरीक्षणाचा किमान १५ टक्के आणि कॅनडाच्या शास्त्रज्ञांना किमान ५ टक्के वेळ मिळण्याचे ठरले. या व्यवहारात दानधर्म नाही आणि उपकारही नाही. जो ताटात काही वाढतो, तोच पंगतीला हक्काने बसतो.

भारताच्या ताटात वाढण्याजोगे काही आहे काय? या प्रश्नाचे उत्तर मुंबईत, कुलाब्याच्या समुद्रकाठी उभ्या असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शोधावे लागते. उपग्रहावर दुर्बीण बसविणे आवाक्याबाहेरचे होते, त्या काळात येथील शास्त्रज्ञांनी फुग्याचा मार्ग धरला. एक मीटर व्यासाच्या आरशाची दूर-अवरक्त दुर्बीण त्यांनी स्वतः घडविली आणि हैदराबाद येथील आपल्या केंद्रातून, प्रचंड प्लॅस्टिकच्या फुग्याला बांधून, सुमारे ३१ किलोमीटर उंचीवर नेली. तेथे वातावरणाचा बहुतेक सारा भार आणि मुख्य अडथळा असलेली पाण्याची वाफ खाली राहते. रात्रभरात काही तासांचे निरीक्षण करावयाचे आणि मग दुर्बीण हवाईछत्रीने भूमीवर उतरवून घ्यावयाची, अशी ही पद्धत. या दुर्बिणीतील शोधक हेलियमच्या साहाय्याने निरपेक्ष शून्याच्या वर केवळ तीन-दशांश अंशापर्यंत थंड केलेले असत. शीतकरणाची ही विद्या आपल्याला ठाऊक नाही, असे म्हणता येणार नाही.

याच दुर्बिणीने भारताला एक खरीखुरी भागीदारी मिळवून दिली. जपानी शास्त्रज्ञांपाशी एक वर्णपटमापक होता. अंतराळातील विद्युतभारित कार्बन १५८ मायक्रॉन तरंगलांबीचा जो प्रकाश सोडतो, तो टिपण्यासाठी तो घडविलेला होता. तारकामेघ आपली उष्णता मोठ्या प्रमाणात याच प्रकाशावाटे बाहेर टाकतो. मेघ निवल्याखेरीज आकुंचन पावत नाही आणि तो आकुंचन पावल्याखेरीज ताराही जन्मत नाही. जपानकडे उपकरण होते. मुंबईकडे मोठा आरसा, फुगा आणि उड्डाणाचा अनुभव होता. १९९९ साली हे दोन्ही एकत्र आकाशात गेले. मृग नक्षत्रातील आणि वृश्चिक राशीतील तारकाजन्माच्या प्रदेशांचे नकाशे या सहकार्यातून निघाले. देवेंद्र ओझा, स्वर्ण कांती घोष आदी भारतीय संशोधकांची नावे ताकाओ नाकागावा, हिदेहिरो कानेदा या जपानी संशोधकांच्या बरोबरीने शोधनिबंधांवर झळकली. हे सहकार्य दोन दशकांच्या आसपास टिकले. दोन्ही पक्षांजवळ परस्परांना हवे असलेले काही होते, हेच त्याच्या दीर्घायुष्याचे कारण.

येथे ग्रामीण जनतेच्या वाट्याचाही उल्लेख केला पाहिजे. फुग्याखालची उपकरणे उड्डाणानंतर तेलंगण, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या सीमाभागातील शेतांत उतरू शकतात. ती कोणी उघडू नयेत, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे, असे आवाहन संस्था करीत असते. शेतात उतरलेली पेटी जशीच्या तशी राखणारा शेतकरी हाही त्या शोधातला एक सहकारीच होय.

तथापि फुग्याची मर्यादा झाकून चालणार नाही. शोधक थंड असले तरी आरसा थंड नसतो. मशाल मंद होते, विझत नाही. शिवाय काही तासांच्या निरीक्षणात आकाश कितीसे पाहून होणार? म्हणूनच त्याच जपानी शास्त्रज्ञांनी पुढे ‘स्पायका’ या दुर्बिणीची आखणी केली. अडीच मीटरचा संपूर्ण आरसा हेलियमच्या साठ्यावर विसंबून न राहता यांत्रिक शीतकांनी निरपेक्ष शून्याच्या वर आठ अंशांच्याही खाली न्यावयाचा, असा तो बेत होता. या योजनेच्या प्रमुख शिल्पकारांत नाकागावा हेही होते. युरोप आणि जपान यांनी मिळून ती उचलली. २०१८ साली युरोपीय अवकाश संस्थेच्या अंतिम तीन प्रस्तावांत तिला स्थान मिळाले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये आर्थिक मर्यादांमुळे ती सोडून दिल्याचे दोन्ही संस्थांनी जाहीर केले. जवळजवळ वीस वर्षांचे चिंतन आणि परिश्रम अशा रीतीने कागदावर राहिले.

या घटनेपासून दोन बोध घ्यावयाचे आहेत. पहिला असा की, अनेकांचा प्रकल्प हा कोणाच्याच एकट्याच्या जबाबदारीचा राहिला नाही, तर खर्च वाढू लागताच प्रत्येक भागीदार दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागण्याचा धोका असतो. निधीची शाश्वती नसेल तर सदिच्छा कामास येत नाहीत. दुसरा बोध आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. २०१३ साली हर्शेल दुर्बिणीचा हेलियम संपल्यापासून दूर-अवरक्त आकाशाकडे पाहणारी मोठी शीतल वेधशाळा अंतराळात राहिलेली नाही. वेबची दृष्टी सुमारे २८ मायक्रॉनपर्यंतच पोहोचते. नासाने २०२४ साली पुढील अभ्यासासाठी निवडलेल्या दोन प्रस्तावांत ‘प्रिमा’ या १.८ मीटरच्या शीत दुर्बिणीचा समावेश होता. तिचे काहीही होवो, ही पोकळी कधी तरी कोणी तरी भरणारच. त्या वेळी भारत पाहुणा म्हणून असावा की भागीदार म्हणून, याचा निर्णय आज व्हावयास हवा. कारण असे उपकरण घडविण्यास दशकभराचा अवधी लागतो.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही आदराने ऐकण्याजोगे आहेत. पहिला स्वावलंबनाचा. परक्यांवर विसंबल्यास काय होते, हे भारताने अनुभवले आहे. क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्र देण्याचा रशियाशी झालेला करार अमेरिकेच्या दडपणाखाली १९९३ साली मोडीत निघाला, इंजिने मिळाली पण विद्या मिळाली नाही. उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन हाताळणारे स्वदेशी इंजिन ५ जानेवारी २०१४ रोजी यशस्वी होईपर्यंत दोन दशके लोटली. परंतु या इतिहासाचा अर्थ सहकार्य टाळावे असा होत नाही. जो काहीच घडवीत नाही, त्याला सहकार्य हे परावलंबन ठरते, एवढाच त्याचा अर्थ आहे. २००८ साली निघालेल्या चांद्रयान-१ वर अमेरिकेचे एक अवरक्त उपकरण होते. त्या उपकरणाने चंद्रपृष्ठावर पाण्याच्या खुणा दाखविल्या, तेव्हा यान भारताचे होते. दहा वर्षांनंतर चांद्रयान-२ वर अवरक्त वर्णपटमापक गेला, तो भारतीयांनी घडविलेला होता. सहकार्यातून स्वावलंबनाकडे जाण्याची वाट अशी असते.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. ज्या नंदुरबार जिल्ह्यात कुपोषणाचा प्रश्न वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही, तेथील माणसाला ताऱ्यांच्या जन्माचे काय होय? या प्रश्नाला दुर्बिणीतून निघणाऱ्या उपयुक्त तंत्रांची यादी हे उत्तर पुरेसे नाही. कुपोषित बालकाचा घास दुर्बिणीने काढून घेतला असता, तर दुर्बीण मोडावी हेच न्याय्य ठरले असते. पण तो घास वितरणाच्या आणि प्रशासनाच्या वाटेवर सांडतो, कुलाब्याच्या प्रयोगशाळेत नव्हे. आणि विज्ञान ही केवळ महानगरांतील सुखवस्तू घरांची मिरास आहे, असे मानणे हा गरिबीचा दुसरा अपमान आहे. कळसाडीच्या मुलाला अन्नाचा हक्क आहे, तसाच आकाशाचाही आहे. एकाच्या नावाने दुसरा नाकारणे यात त्याचे हित नाही.

महाराष्ट्राला तर या बाबतीत उदाहरणे दूर शोधावयास नकोत. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीचा अनुभव हाती होता, म्हणूनच स्क्वेअर किलोमीटर ॲरे या जागतिक प्रकल्पात भारताला मानाने जाता आले. त्यासाठी सुमारे १,२५० कोटी रुपये मंजूर झाले. हिंगोली जिल्ह्यातील गुरुत्वतरंग वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. मग अवरक्त खगोलशास्त्राचीच गणना उपेक्षितांत का व्हावी?

करावयाचे ते स्पष्ट आहे. फुग्यावरील दुर्बिणीची परंपरा, तिचे तंत्रज्ञ आणि तिचे शीतकरणाचे कसब निवृत्तीबरोबर विरून जाऊ देता कामा नये. पुढील आंतरराष्ट्रीय शीत दुर्बिणीसाठी एखादा शीतक, एखादा शोधक वा एखादा वर्णपटमापक, जे काही भारत निश्चयाने देऊ शकतो ते आताच ठरवून, त्याच्या निधीची हमी वार्षिक अंदाजपत्रकाच्या लहरीपासून दूर ठेवली पाहिजे. आणि तिसरी गोष्ट तर पैशाचीही वाट पाहत नाही. आयरास, अकारी, हर्शेल यांची निरीक्षणे आज जगातील कोणालाही विनामूल्य पाहता येतात. जळगावच्या विद्यापीठात वा नंदुरबारच्या महाविद्यालयात बसून त्यांवर संशोधन करता येते. विद्यापीठीय अध्यापकांना अशा कामात हात देण्यासाठीच पुण्याची आयुका १९८८ साली स्थापन झाली. प्राध्यापकांनी ती वाट धरावी आणि शाळेतील शिक्षकांनी मुलांना निदान एवढे सांगावे की, अभिजित ताऱ्याभोवतीचे कडे कोणी आणि कसे पाहिले.

माठ गार कसा राहतो, हे कळसाडीच्या मुलाला शिकवावे लागत नाही. ते त्याने ओठांनी अनुभवलेले असते. त्याच गारव्याच्या बळावर माणूस ताऱ्यांची पाळणाघरे पाहतो, हे त्याला सांगणारा कोणी तरी हवा. आणि पुढेमागे तो मुलगा त्या कामासाठी घराबाहेर पडला, तर त्याच्या देशाची जागा पंगतीत आधीपासून मांडलेली हवी.