मेन पाडला, तरी झटका बसला



भाताची लावणी आटोपली, म्हणून गेल्या आठवड्यात करप्याची पाहणी करायला कशेळीला गेलो होतो. ठाण्याहून भिवंडीकडे जाताना खाडीपूल ओलांडला की हे गाव. आता रस्त्याकडेला गोदामेच दिसतात, खाचरे शोधावी लागतात. पण करपा राहिला बाजूला. घरात थोरल्या मुलाला विजेचा झटका बसला होता.

"साहेब, मेन पाडूनच बोर्ड उघडला होता," तो म्हणाला. म्हातारी आजी मात्र बोर्डात भूत शिरल्याचे सांगत होती.

मुलगा खरे बोलत होता. घरात इन्व्हर्टर होता. भिवंडीची वीजवाटणी जानेवारी २००७ मध्ये टोरंट कंपनीकडे गेली, त्याआधीच्या भारनियमनात घेतलेली सवय ती. आता पेटी नवी, पण वायरिंग जुनेच. मेन पाडताच इन्व्हर्टरला वाटले, वीज गेली. त्याने क्षणात १२ व्होल्टच्या बॅटरीतून २३० व्होल्ट करून त्याच बोर्डात सोडले.

मी शेतीचा पदवीधर, विजेचा नव्हे. म्हणून गावातल्या वायरमनला बोलावले. त्याने मेन पाडला आणि टेस्टर लावला, तर दोन्ही तारांवर दिवा लागला! मीटरवर दोन तारांमध्ये २३० व्होल्ट, पण प्रत्येक तारेपासून अर्थिंगपर्यंत सुमारे ११५. मुलगा म्हणाला, "म्हणजे अर्धीच वीज, फार लागणार नाही."

इथेच फसगत होते. डीपीवर न्यूट्रल जमिनीला बांधलेला असतो, म्हणून एरवी न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात जवळपास शून्य दिसते. या घरचा मेन फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. तो पाडला की इन्व्हर्टरच्या तारांचा जमिनीशी संबंध सुटतो, जणू दावे तुटलेले जनावर. अधांतरी तारांवर मीटर मग साधारण अर्धा आकडा दाखवतो. पण दोन्ही तारांना एकदम हात लागला तर पुरे २३० व्होल्ट अंगातून जातात. अशा वेळी गळती पकडणारे आरसीसीबीही गप्प बसू शकते, कारण विजेला जमिनीतून परत यायला वाटच नसते.

बोर्ड उघडायचा तर आधी मेन पाडा, मग इन्व्हर्टरचे पुढचे बटण बंद करा. नुसते बटण बंद करून भागत नाही. मेन चालू असेल तर पुष्कळ पेट्यांतून बाहेरची वीज सरळ बोर्डात जाते. इन्व्हर्टरच्या बाहेर जाणाऱ्या तारांवर दोन्ही तारा तोडणारे एमसीबी असले तर उत्तम. नंतर टेस्टर आधी चालू वीज असलेल्या ठिकाणी तपासून घ्यावा, मगच उघडलेल्या तारेला लावावा. बिघडलेला टेस्टर न पेटून घात करतो.

इन्व्हर्टरवरच्या पंख्या-दिव्यांचा न्यूट्रल इन्व्हर्टरलाच परत गेला पाहिजे. तो पंपाच्या किंवा फ्रिजच्या न्यूट्रलला जोडू नये. जुन्या वायरिंगमध्ये सगळे न्यूट्रल एका गाठीत बांधलेले असतात, आणि नवी पेटी लावताना ती गाठ कुणी सोडत नाही. इथेही तेच निघाले. ती गाठ सोडवण्यात दुपार गेली.

आणखी एक. लग्नकार्यात जनरेटर आणून त्याची वायर सरळ घरातल्या प्लगात खुपसणारे महाभाग मी पाहिले आहेत. मेन पाडायला विसरले तर ती वीज उलट खांबावर जाते. डीपी उलटा चालून ११,००० व्होल्टच्या तारांवर जीवघेणा दाब येतो. त्याच वेळी वर लाइनमन असेल तर? जनरेटरला चेंजओव्हर स्विच हवाच, आणि तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवावा.

निघताना मुलाने रंगाचा डबा काढून मेनच्या पेटीवर लाल अक्षरांत लिहिले: "घरात इन्व्हर्टर आहे. दोन्ही बंद करा." आजीने विचारले, "मग भूत गेलं का?" मी म्हटले, "गेलं नाही आजी, त्याचा पत्ता लागला." मग करपा बघायला बांधावर गेलो, तोवर अंधारले होते.