दाईचे काम

परवा एका रविवारी दुपारी माझा आवाज ऐकून शेजारचे काका चप्पल न घालताच आमच्या दारात आले. “काय झालं सर? सगळं ठीक आहे ना?” मी हातातले पुस्तक मिटून म्हणालो, “काही नाही, शेक्सपिअर वाचतोय.” त्यांनी माझ्याकडे पाहिले, कोचावर बसलेल्या माझ्या मुलीकडे पाहिले, मग कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलेल्या आमच्या सौभाग्यवतींकडे पाहिले, आणि “बरं, बरं” म्हणत ते परत फिरले. त्यांना ते पटले नसावे.

झाले होते असे, की कन्येला महाविद्यालयात ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मधला एक प्रवेश वाचून दाखवायचा होता. ज्युलिएट ती स्वतः. बाप कुणी तरी हवा होता, तर बाप घरात फुकटचा होताच. म्हणून तिसऱ्या अंकातला पाचवा प्रवेश आम्ही दोघांनी वाचायला घेतला.

मी मराठीचा मास्तर. शेक्सपिअर माझ्या वाट्याला येतो तो नाट्यवाङ्मयाचा इतिहास शिकवताना, आणि तोही जोड्या लावण्यापुरता. आगरकरांचे ‘विकारविलसित’ म्हणजे हॅम्लेट, देवलांचा ‘झुंजारराव’ म्हणजे ऑथेल्लो, नारायण बापूजी कानिटकरांचे १८८२ सालचे ‘शशिकला आणि रत्नपाल’ म्हणजे रोमिओ-ज्युलिएट. मुले वहीत लिहून घेतात, परीक्षेत जोड्या लावतात, नि विसरतात. मीही इतकी वर्षे फारसे वेगळे केले नव्हते. पाडगावकरांचा अनुवाद कपाटात होता. त्यातलाही चांदण्या रात्रीचा तो प्रसिद्ध प्रवेशच काय तो दोनदा वाचलेला. सगळ्यांचे असेच असते. रोमिओ-ज्युलिएट म्हटले, की आपल्याला सज्जा आठवतो. गंमत अशी, की ‘बाल्कनी’ हा शब्द मूळ नाटकात कुठेही नाही. व्हेरोना गावात ज्युलिएटचे घर म्हणून जे दाखवतात, त्याला सज्जा लावला तो विसाव्या शतकात, आलेल्या पाहुण्यांची निराशा होऊ नये म्हणून!

“म्हणजे ‘सैराट’च ना, बाबा?” कन्येने सुरुवातीलाच विचारले होते. मी मास्तरी सुरात “हो, तसंच काहीसं” म्हणालो. प्रवेश वाचून झाल्यावर मला ते उत्तर मागे घ्यावेसे वाटले. ‘सैराट’मध्ये मुलीच्या माहेरची माणसे जीव घ्यायला चालून येतात. कॅप्युलेटांच्या घरात कुणीही ज्युलिएटवर हात उचलत नाही. तिथे एका सकाळी फक्त बोलणे होते.

हा कॅप्युलेट, म्हणजे ज्युलिएटचा बाप, कसा माणूस आहे ते आधी पाहावे. त्याची बाकीची मुले गेलेली. ही एकच राहिली आहे. पहिल्या अंकात पॅरिस नावाचा उमदा, सरदार घराण्यातला तरुण तिला मागणी घालतो, तेव्हा हा गृहस्थ म्हणतो, पोर अजून चौदाचीही नाही, आणखी दोन उन्हाळे जाऊ देत. आधी तुम्ही तिचे मन वळवा, तिची पसंती असेल तर माझी ना नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या बापाने ह्याहून काय म्हणावे? त्याच रात्री त्याच्या घरच्या मेजवानीत वैऱ्याचा मुलगा रोमिओ मुखवटा घालून शिरतो. बायकोचा भाचा टिबल्ट त्याला ओळखतो नि तलवार मागवतो. हा यजमान त्याला दटावतो, की असू दे. पोरगा सभ्य आहे, सारे गाव त्याचे नाव चांगले घेते, माझ्या घरात त्याचा अपमान झालेला मला चालणार नाही.

हे वाचताना मी थांबलो. ज्या मुलाच्या पायी पुढे पाच दिवसांत घर उजाड होते, त्याला ह्याच बापाने रविवारी रात्री चांगल्या चालीचा म्हटले आहे. आणि हे मुलीला कधीच कळत नाही. ती त्याच रात्री सज्जात, क्षमा करा, खिडकीत, त्याच्या आडनावाला दोष देत उभी असते. सोमवारी दुपारी दाईच्या मदतीने गुपचूप लग्न करून मोकळी होते. घरात विचारायचे कुणाला? आईशी तिचा संबंध किती, तर मुलीशी लग्नाचे बोलायचे म्हणून आई आधी दाईला बाहेर घालवते, आणि लगेच पुन्हा आत बोलावते. मुलीचे वय दाईला तासाच्या हिशेबाने ठाऊक असते.

मूळ कथा शेक्सपिअरची नव्हे. आर्थर ब्रुक नावाच्या कवीने १५६२ साली ती इंग्रजीत काव्यात सांगितली होती. त्याच्याकडे हे सारे नऊ महिने चालते आणि मुलगी सोळा वर्षांची आहे. शिवाय प्रस्तावनेत तो बजावतो, की आईबापांचा सल्ला न मानणाऱ्या प्रेमिकांची गत ही अशी होते. शेक्सपिअरने नऊ महिन्यांचे पाच दिवस केले, मुलीचे वय आणखी कमी केले, आणि ब्रुकचा तो शेरा मात्र उचलला नाही.

सोमवारीच टिबल्ट रोमिओच्या हातून मरतो नि रोमिओला हद्दपारी होते. घरात सुतक, मुलगी रडते आहे. ती भावासाठीच रडत असणार असे सगळे धरून चालतात. तिचे दुःख हलके व्हावे म्हणून बाप त्याच रात्री पॅरिसला शब्द देऊन टाकतो: गुरुवारी लग्न, मोजकीच पाच-सहा माणसे. दुसऱ्या दिवशी ती कबूल झाल्यासारखी दिसताच हाच मनुष्य लग्न बुधवारवर आणतो, वीस आचारी सांगून ठेवायला नोकर धाडतो, रात्रभर स्वतः जागतो आणि स्वयंपाकघरात अशी लुडबुड करतो, की दाई त्याला बायकांच्या कामात नाक खुपसणारा म्हणून झोपायला पिटाळते. आमच्या सौभाग्यवती इथे मनमुराद हसल्या. “अगदी तुमच्या बाबांसारखा,” त्या म्हणाल्या. माझ्या बहिणीच्या लग्नात माझ्या वडिलांनी बुंदीच्या कढईपाशी ठाण मांडले होते, त्याची त्यांना आठवण झाली.

मला ती आठवण अर्ध्या तासापूर्वीच झाली होती. मंगळवारच्या सकाळचा तो प्रवेश वाचताना. बाप येतो, मुलीचे रडणे पाहून थट्टा करतो, की ही पोर म्हणजे नाव, समुद्र नि वारा सगळे एकटीच झाली आहे. मग कळते, की मुलगी नाही म्हणते. तिथून पुढे तो जे बोलतो ते मी वाचू लागलो आणि आवाज चढत गेला. दिवसरात्र, कामात असो की फुरसतीत, मला एकच घोर होता तुझे चांगले व्हावे हा, आणि आता हे पांग फेडतेस? उभी राहा गुरुवारी, नाही तर फरफटत नेईन. माझ्या घरात राहू नकोस. भीक माग, उपाशी मर, माझे म्हणून एक कवडी मिळणार नाही. शेजारचे काका आले ते इथे. काकांना वाटले असेल हा मास्तर नट निघाला. तो अभिनय नव्हता. हे सारे मी आमच्या घरात मराठीतून ऐकले होते, २००१ सालच्या मार्गशीर्षात, आणि वडिलांचा तो सूर माझ्या गळ्यात जसाच्या तसा पडून होता, हे मलाच ठाऊक नव्हते.

माझी धाकटी बहीण तेव्हा एका कचेरीत नोकरीला होती. तिथलाच एक मुलगा. जात वेगळी, बाकी नाव ठेवायला जागा नव्हती. घरात हे फक्त मला माहीत होते. तिला उशीर झाला, की मी आईला थाप मारत असे. त्या मुलाबरोबर एकदा उसाचा रसही प्यालो होतो नि घरी येताना तिला म्हणालो होतो, “पोरगा चांगला आहे हं.” वडील वाईट नव्हते. तिच्या शिक्षणासाठी त्यांनी सोसायटीचे कर्ज काढले होते. पण त्या सकाळी ते बोलले. आई मध्ये पडली नाही.

वडील बाहेर गेल्यावर मी बहिणीच्या खोलीत गेलो. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हणालो, “हे बघ, आता ते पुढे जायचं नाही. आलेलं स्थळ चांगलं आहे. खरं सांगू, त्याच्यापेक्षा किती तरी पटींनी चांगलं आहे.” तिने माझ्याकडे पाहिले. “बरं,” म्हणाली, आणि घड्या घालत राहिली. मला वाटले, समजूतदार आहे.

आता नाटकात पाहा. बाप तणतणत निघून जातो, आई म्हणते माझ्याशी बोलूच नकोस, आणि खोलीत ज्युलिएट नि दाई एवढ्याच उरतात. दाईने तिला अंगावर पाजलेले आहे. दाईची स्वतःची तेवढीच मुलगी लहानपणीच गेलेली. बापाच्या तोंडाला तोंड देण्याचे धाडस त्या घरात तिनेच केले आहे. तिच्याकडे मुलगी वळते, की काही तरी सांग गं. दाई काय सांगते? पॅरिसशी लग्न कर. रोमिओ त्याच्यापुढे पोतेरे आहे पोतेरे! काल ह्याच बाईने रोमिओची तोंड भरून स्तुती केली होती. ज्युलिएट विचारते, मनापासून बोलतेस? दाई म्हणते, हो, मनापासून. मग ज्युलिएट म्हणते, तुझ्या बोलण्याने मला फार धीर आला. आईला सांग, मी पापाची कबुली द्यायला धर्मगुरूंकडे जाते. दाईला वाटते, शहाणी पोर. दाईची पाठ वळताच ज्युलिएट ठरवून टाकते, की ह्यापुढे माझ्या मनातले तुला काही कळणार नाही.

बेचाळीस तासांची गुंगी आणणारे औषध, गावात साथीचा संशय आल्याने अडकून पडलेला पत्र नेणारा संन्यासी, थडग्यातला तो उशीर, हे सारे ह्यानंतरचे. टीकाकार म्हणतात, की ही शोकांतिका योगायोगावर उभी आहे; पत्र पोहोचले असते तर सगळे वाचले असते. असेलही. मला मात्र नाटक तिथेच संपल्यासारखे वाटते, मंगळवारी सकाळी, दाई दारातून बाहेर पडते तिथे.

माझी बहीण मजेत आहे. तिचा नवरा सज्जन आहे, दोन मुले आहेत, घर स्वतःचे आहे. दर भाऊबीजेला ओवाळते, आईच्या गुडघ्यांची चौकशी करते, पाणी किती वेळ येते विचारते. तीन वर्षांपूर्वी तिचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले, ते मला महिन्याभराने, तेही मावशीकडून कळले. नोकरी सोडल्याचे असेच कळले. मी रागावलो, तर हसून म्हणाली, “अरे दादा, तेवढं काय त्यात सांगायचं!”

कन्येचे वर्गातले वाचन उत्तम झाले म्हणे. तिला आता चेव आला आहे. यंदा भाऊबीजेला आत्या येणार, तर रात्री फराळ झाल्यावर सगळ्यांनी मिळून तो प्रवेश मराठीत वाचायचा असा तिचा बेत आहे. परवा तिने आत्याला फोन लावून कामेही वाटून टाकली. मी बाप हे ठरलेलेच. आई आमच्या सौभाग्यवतींकडे. ज्युलिएट ती स्वतः.

“आणि आत्या, तू दाई हो ना,” ती म्हणाली. “मस्त काम आहे.”

फोन मोठ्या आवाजावर लावलेला होता. पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही.

“ते दादाला दे,” बहीण म्हणाली. “त्याला येतं.”

ती हसत होती का, ते मला कळले नाही.