पाटी उतरवली, पुढे काय?

‘पोरंच ती, थोडी मस्ती करणारच!’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्येही वर्षानुवर्षं हेच म्हटलं गेलं. तिथे कॉलेजच्या मुलांच्या ‘फ्रॅटर्निटी’ असतात. म्हणजे काय, तर मुलांची खासगी मंडळं. ग्रीक अक्षरांवरून नाव, राहायला मोठं घर, स्वतःचे नियम आणि स्वतःची गुपितं. मुलींच्या अशा मंडळांना ‘सोरॉरिटी’ म्हणतात. एकदा आत शिरलं, की जन्मभराच्या ओळखी होतात, पुढे नोकरीतही त्या कामी येतात. म्हणून नवी मुलं तिथे जागा मिळवायला धडपडतात.

पण मंडळात घेण्याआधी जुनी मुलं नव्यांची ‘परीक्षा’ बघतात. त्याला ‘हेझिंग’ म्हणतात. आपल्या रॅगिंगचंच हे भावंड. फरक एवढाच, की रॅगिंग सोसणारा मुलगा सुटकेची वाट बघत असतो. हेझिंगमध्ये मात्र त्याला स्वतःलाच आत जायचं असतं. त्यामुळे तो तक्रार करत नाही.

पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पेन स्टेट विद्यापीठात फेब्रुवारी २०१७ मध्ये काय घडलं बघा. टिमोथी पियाझा हा १९ वर्षांचा, इंजिनीअरिंग शिकणारा मुलगा. बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीत त्याची निवड झाली. त्या रात्री त्याला दीड तासाच्या आत किमान १८ वेळा दारू दिली गेली, असं तपासात पुढे आलं. तो तळघराच्या जिन्यावरून पडला. घरातल्या कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं होतं. मुलांनी त्याला उचलून सोफ्यावर टाकलं. पण मदतीसाठी फोन केला तो जवळजवळ १२ तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी. ४ फेब्रुवारीला तो गेला. आणि हे घर कागदोपत्री दारूबंदीचं होतं!

विद्यापीठाने काय केलं? त्या फ्रॅटर्निटीची मान्यता कायमची काढून घेतली. शिक्षा कडक होती, यात शंका नाही. पण मैत्रिणींनो, मान्यता काढणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला हवं. ही घरं बहुतेक ठिकाणी विद्यापीठाच्या मालकीची नसतात. माजी विद्यार्थ्यांच्या संस्थांची असतात. विद्यापीठ फार तर ‘हे आमचं मंडळ नाही’ असं म्हणू शकतं. पाटी उतरते, पण मुलं तीच आणि सवयी त्याच. मान्यता गेलेली काही मंडळं गावात वेगळं घर घेऊन गुपचूप चालूच राहतात आणि मग तर त्यांना विचारणारं कुणीच उरत नाही.

याच विद्यापीठात २०१५ मध्ये आणखी एक प्रकरण झालं होतं. कप्पा डेल्टा रो या मंडळातली मुलं एका खासगी फेसबुक पानावर मुलींचे नग्न, झोपेतले, बेशुद्धीतले फोटो टाकत होती. तेव्हा तीन वर्षांसाठी मान्यता गेली. दोनच वर्षांनी दुसऱ्या घरात एक मुलगा जिवाला मुकला. म्हणजे एकाला शिक्षा झाली म्हणून शेजारच्याने धडा घेतला, असं काही झालं नाही.

का नाही झालं? एक कारण असं, की २०१७ पर्यंत या मंडळांच्या गैरवर्तनाचा निवाडा मुख्यतः त्यांचीच परिषद करत असे. कुंपणाच्याच हाती शेत! टिमोथीच्या मृत्यूनंतर विद्यापीठाने हे काम स्वतःकडे घेतलं. दुसरं कारण माझ्या मते जास्त मोठं आहे. शिक्षा व्हायची, पण ती नव्या मुलांच्या आईबापांपर्यंत पोचायचीच असं नाही. कोणत्या घराला कधी आणि कशासाठी ताकीद मिळाली, हे घरच्यांना कळणार कुठून?

टिमोथीचे आईवडील, एव्हलिन आणि जिम पियाझा, नेमके याच मुद्द्यासाठी झटले. ऑक्टोबर २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियात त्याच्या नावाचा कायदा झाला. हेझिंगमुळे मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाली तर तो गंभीर गुन्हा ठरला. ‘तो स्वतःच तयार होता’ ही सबब चालेनाशी झाली. जखमी मुलासाठी मदत बोलावून त्याच्यापाशी थांबणाऱ्याला संरक्षण मिळालं. आणि कोणत्या मंडळाने काय केलं, याची यादी कॉलेजांनी सर्वांसाठी जाहीर करायची, असं ठरलं. डिसेंबर २०२४ मध्ये अशीच यादी देशभरातल्या कॉलेजांना बंधनकारक करणारा केंद्रीय कायदाही आला. टिमोथीच्या प्रकरणात मंडळाच्या दोन माजी पदाधिकाऱ्यांना तुरुंगवास झाला, तोही २०२४ मध्ये आणि काही महिन्यांचाच. त्या आईच्या मनाचं काय झालं असेल?

मला वाटतं, या सगळ्यात सर्वांत मोलाची आहे ती ही यादी. संस्थेला आपलं नाव जपायचं असतं, ते स्वाभाविकच. पण नाव जपण्यासाठी झालेली शिक्षा झाकून ठेवली, तर ती फक्त फाइलीत राहते.

आता आपल्याकडचं. आपल्या गावांतूनही मुलं तिकडे शिकायला जातात. आपण फी विचारतो, हवा विचारतो, जेवणाचं विचारतो. आता ही यादीही बघायला सांगा. आणि इथेच शिकणाऱ्या मुलांचं काय? महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. तक्रारीकडे दुर्लक्ष करणाऱ्या संस्थाप्रमुखालाही त्यात जबाबदार धरता येतं. २००९ पासून यूजीसीचे नियम आहेत, १८००-१८०-५५२२ ही मोफत हेल्पलाइन आहे. प्रवेशाच्या वेळी हमीपत्र भरावं लागतं, तेव्हा ‘कर रे सही पटकन’ म्हणून मोकळ्या होऊ नका. रॅगिंगविरोधी समितीत कोण आहे, गेल्या काही वर्षांत किती तक्रारी आल्या, त्यांचं काय झालं, हे होस्टेलच्या ऑफिसात सरळ विचारा. ‘आमच्याकडे असलं काही होत नाही हो बाई,’ असं उत्तर मिळालं, तर ते लेखी मागा.

आणि घरी मुलाला एवढं सांगून ठेवा, की मित्र पडला, बेशुद्ध झाला, तर कोण रागावेल याचा विचार करत बसू नकोस. आधी डॉक्टर. बाकीचं आपण नंतर बघू.