घराचा बयाणा कोण भरणार?

दोस्तहो, घराबद्दल बोलायची आपल्याला लाज वाटते. आरक्षणावर बोलू, अत्याचारावर मोर्चा काढू, कवितेवर रात्ररात्र भांडू. पण कुणी म्हटलं की मी दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी पैसे जमवतोय, की नाक्यावरची पोट्टी हसतात. "झाला बे हा साहेब. आता याचा जयभीम फक्त चौदा एप्रिलले." हे हसणं मी पुष्कळ ऐकलं आहे. त्याला उत्तर द्यायचं म्हणून हे लिहितो.

आधी माझा हिशेब सांगतो, कारण हिशेब लपवून राजकारण होत नाही. मी एका सरकारी कार्यालयात कॉम्प्युटर ऑपरेटर आहे, पण सरकारचा नोकर नाही. ठेकेदाराचा आहे. हातात येतात २२ हजार. बायको घरी शिलाई करते, महिन्याला सहा-सात हजार मिळवते, पण ते कोणत्याच कागदावर नाहीत. इंदोऱ्याच्या मागे दोन खोल्या किरायाने घेतल्या आहेत. किराया, किराणा, गॅस, वीज, आईचं औषध, पोरीची शाळा जाऊन महिन्याला पाच हजार उरतात. तेही ज्या महिन्यात कुणी आजारी पडत नाही त्या महिन्यात.

आता घर. शहराच्या टोकाला, जिथे बस दोनदा बदलावी लागते तिथे, २० लाखांचा फ्लॅट धरू. कागदावर नियम गोड आहे. रिझर्व्ह बँक म्हणते, कर्ज ३० लाखांच्या आत असेल तर बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते. म्हणजे मी फक्त दोन लाख जमवायचे? नाही राजेहो. बँक घराकडे पाहते तशी पगाराच्या चिठ्ठीकडेही पाहते. २२ हजारांवर महिन्याचा हप्ता दहा हजारांच्या वर ती जाऊ देत नाही. नऊ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर दर लाखाला साधारण नऊशे रुपये हप्ता पडतो. म्हणजे कर्ज मिळेल ११ लाख. उरलेले नऊ लाख माझे. वर मुद्रांक शुल्क सहा-सात टक्के आणि नोंदणीचा एक टक्का, मिळून दीड लाख. आणि हा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. झाले साडेदहा लाख. महिन्याला पाच हजारांनी ते जमायला साडेसतरा वर्षे लागतात. मी आज एकतीसचा आहे. तेव्हा एकोणपन्नासाव्यात असेन, आणि तेव्हा वीस वर्षांचं कर्ज मला कोणती बँक देईल? तोवर फ्लॅटची किंमत वीस लाखांवर थांबून माझी वाट पाहत बसेल काय?

आणि त्या ११ लाखांचे वीस वर्षांत पावणेचोवीस लाख फेडायचे, ते वेगळंच.

इथे शहाणे लोक उपदेश करतात. बाहेरचा चहा बंद करा, मोबाईल साधा वापरा, बचतीची शिस्त लावा. ठीक आहे, चहाचाही हिशेब करू. दिवसाला दोन कट, वीस रुपये. महिन्याचे सहाशे, वर्षाचे ७,२००. साडेदहा लाख जमायला १४५ वर्षे. मी चहा सोडतो, तुम्ही मला १४५ वर्षांचं आयुष्य द्या.

बचत करू नका असं मी म्हणत नाही. मी करतो आणि करत राहणार. वस्तीत जयंतीच्या डीजेला आणि लग्नातल्या जेवणावळींना जो पैसा जातो त्यावर मी बैठकीतही बोललो आहे, कारण ती वर्गणी आणि ते कर्ज आपल्याच खिशातून जातं. पण सगळ्या वस्तीने डीजे बंद केला तरी माझे साडेदहा लाख उभे राहत नाहीत. तेव्हा प्रश्न चहाचा नाही, डीजेचाही नाही.

प्रश्न काय आहे ते माझ्या शेजारच्या टेबलावर दिसतं. तिथे बसणारा गडी माझ्याच ठेकेदाराकडे, माझ्याच पगारावर आहे. मागच्या वर्षी त्याने फ्लॅट घेतला. त्याच्या वडलांनी गावाकडचं दोन एकर विकलं आणि पोराचा बयाणा भरला. माझा त्याच्यावर राग नाही. माणूस चांगला आहे, डब्यातली भाजी वाटून खातो. पण त्याने बचत केली असं कुणी म्हणू नये. त्याने बयाणा भरला तो आजोबाच्या जमिनीतून. माझ्या आजोबाच्या नावावर काय होतं? गावकुसाबाहेरची झोपडी, आणि तीही ज्या जागेवर उभी होती ती जागा त्याची नव्हती.

म्हणून मी म्हणतो की महिन्याच्या पगारात जात कमी दिसते. ती दिसते बयाण्यात. बयाणा म्हणा, मार्जिन म्हणा, डाऊन पेमेंट म्हणा, ती रक्कम एका माणसाच्या पगारातून येत नाही. तीन पिढ्यांनी काय साठवू दिलं गेलं त्यातून येते. आणि आपल्याला साठवू दिलं नाही हे काही कुणाच्या मनाचे खेळ नाहीत. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता, आणि तिथे अस्पृश्यांना घेत नव्हते, कारण तुटलेला धागा धोट्यात तोंडाने ओढावा लागे आणि बाकीच्यांना विटाळ होई. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. ज्याला जास्त पगाराचं खातंच बंद, त्याच्या नातवाला आज विचारतात, "बचत का केली नाही?"

नागपुरातही आपली माणसं गिरणीनेच शहरात आणली. टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, २००२ साली बंद पडली. आज तिच्या जागेवर मॉल आहे. गिरणीची जमीन सोन्याची झाली. गिरणीत घाम गाळणाऱ्याच्या हातात काय आलं, ते पाचपावली-लष्करीबागेतल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा.

माझा बापही कापड गिरणीतलाच. त्याने बचत केली नाही असं कुणी म्हणूनच दाखवावं. एका गृहनिर्माण सोसायटीच्या ले-आऊटमध्ये त्याने प्लॉट धरला, सात वर्षे दर महिन्याला हप्ता भरला. पावत्या आहेत, वाटपपत्र आहे. पुढे कळलं की जमीन अकृषक झालेलीच नव्हती आणि तोच प्लॉट आणखी एकाला विकला होता. सोसायटीच्या कार्यालयाला कुलूप. पावत्यांची ती पिशवी बाप अजून जपून ठेवतो. "फेकू नको, कधी कामी येईन," म्हणते.

अशा पिशव्या नागपुरात घरोघर आहेत. ५७२ ले-आऊट आणि १९०० ले-आऊट हे आकडे या शहरात शाळकरी पोराला पाठ असतात. शेतजमिनी गुंठ्यागुंठ्याने विकल्या, लोकांनी पोटाला चिमटा घेऊन प्लॉट घेतले, घरं बांधली, आणि मग सरकारने सांगितलं की हे सगळं अनधिकृत. २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला, २०२१ साली दुरुस्ती करून त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लावली. तरी सुधार प्रन्यासाच्या आर.एल. लेटरसाठी लोकांच्या चपला झिजल्या. आर.एल. नाही तर नकाशा मंजूर नाही. नकाशा नाही तर बँकेचं कर्ज नाही. कर्ज नाही तर सावकार. म्हणजे आपल्या माणसाने स्वतःच्या पैशाने घेतलेली जमीनसुद्धा बँकेच्या दृष्टीने जमीन नाही.

आता सरकारच्या योजना घ्या. कागदावर पुष्कळ आहेत. रमाई आवास आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना महापालिकेच्या हद्दीत घर बांधायला अडीच लाखांपर्यंत अनुदान. कुणाला? ज्याच्याकडे जागा आहे त्याला. झोपडपट्टीत ज्याला मालकीचा पट्टा मिळाला नाही तो दारातून परत. आमची रमाई शेणाच्या गोवऱ्या थापून संसार करत होती, तिच्या नावाची योजना बिनजागेच्या माणसाला सांगते, आधी जागा आण. प्रधानमंत्री आवासचा दुसरा टप्पा २०२४ ला आला. त्यात कर्जाच्या व्याजावर जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत, कर्जखात्यात. म्हणजे आधी कर्ज मिळालं पाहिजे. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींना ११ टक्के राखीव घरं आहेत. नंबर लागला की ठरलेल्या मुदतीत पैसे भरा. आधी ते असले पाहिजेत.

पाहिलं ना? सगळी मदत दाराच्या आत ठेवलेली आहे, आणि दाराची चावी म्हणजे बयाणा. त्या चावीला कुणी हात लावत नाही.

सरकारला हे कळत नाही असं समजू नका. स्टँड अप इंडियात उद्योगाचं कर्ज काढताना मागासवर्गीय तरुणाला स्वतःचा २५ टक्के हिस्सा उभा करता येत नव्हता, हे राज्याच्या समाजकल्याण खात्याने मान्य केलं आणि त्यातले १५ टक्के मार्जिन मनी म्हणून स्वतः द्यायची योजना काढली. बरोबर केलं. मग कारखानदार होणाऱ्याला मार्जिन देता आली आणि घर घेणाऱ्या ऑपरेटरला, नर्सला, सफाई कामगाराला का नाही? त्यांना डोक्यावर छप्पर नको काय?

आणि समजा बयाणा जमला. तरी आडनाव आडवं येतं. किरायाची खोली पाहताना आम्ही ते भोगलंच आहे. खोली रिकामी, पाटी लागलेली, बोलणं ठरलेलं. मग सहज विचारल्यासारखं, "आडनाव काय म्हणाले तुम्ही?" मेश्राम, गजभिये, रामटेके काहीही सांगा, लगेच पुतण्या राहायला येणार असतो. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या घरमालकांची रीतसर पाहणी करून २०१५ साली हेच छापलं. बडोद्यात १९१७ साली बाबासाहेबांना नाव लपवून पारशी सरायीत राहावं लागलं, आणि तिथूनही हाकललं. शंभर वर्षं उलटली, आता लाठी घेऊन कुणी येत नाही. पुतण्या येतो.

आता नाक्यावरच्या मित्रांनो, तुमच्याकडे वळतो. घर घेणारा चळवळीतून गेला असं तुम्ही म्हणता. बाबासाहेब बावीस वर्षे परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले, मग दादरला राजगृह बांधलं. का? पुस्तकं ठेवायला जागा पाहिजे होती, अभ्यासाला कोपरा पाहिजे होता. ते चळवळीतून गेले काय? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो माणसं तुरुंगात गेली, ती जमिनीसाठीच ना? गावात जो प्रश्न सातबाऱ्याचा होता, शहरात तोच रजिस्ट्रीचा आहे. दर अकरा महिन्यांनी ज्याला बिऱ्हाड उचलावं लागतं त्याची पोर अभ्यास कुठे करणार? तो बैठक कुठे घेणार? मालकाच्या खोलीत तर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावतानाही विचार करावा लागतो.

हां, जो फ्लॅट घेतल्यावर दारावर अर्धंच नाव लावतो आणि वस्तीतल्या भावाला ओळख देत नाही, त्याला जरूर हसा. मीही हसेन.

तोवर जे आपल्या हातात आहे ते पक्कं करू. भिशी ओळखीची म्हणून सगळं तिच्यात टाकू नका. पतसंस्था जास्त व्याज देते, पण तिथल्या ठेवीला सरकारी विमा नाही; बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत आहे. सहकारी बँकही डोळे झाकून धरू नका. नागपूर जिल्हा बँकेचे शंभरावर कोटी रोख्यांच्या घोटाळ्यात गेले आणि निकाल लागायला २०२३ उजाडलं. ठेकेदार पीएफ कापतो तो भरतो की नाही, दर महिन्याला पासबुकात पाहा. माझ्या पहिल्या ठेकेदाराने दोन वर्षे कापला आणि भरलाच नाही. ती रक्कम घरासाठी काढता आली असती. अकृषक आदेश, मंजूर नकाशा, आर.एल. पाहिल्याशिवाय बयाण्याचा एक रुपया देऊ नका, विकणारा आपला असला तरी. तो आपला असला तर दोनदा पाहा. आणि फक्त बाईच्या नावावर रजिस्ट्री केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. २० लाखांवर २० हजार. सूट नसती तरी म्हणालो असतो, तिच्या नावावर करा. शिलाईचे ते पैसे कागदावर कुठेच नाहीत, निदान घर तरी असू द्या.

पण हे झालं घरगुती शहाणपण, याने दार उघडत नाही. दार उघडायला मागणी पाहिजे. घरासाठी मार्जिन मनी द्या. रमाईत बिनजागेच्या माणसाला जागेसकट घर द्या. पट्टे आणि आर.एल. मुदतीत द्या, उशीर झाला तर अधिकाऱ्याला जबाबदार धरा. ठेक्यावरच्या माणसाचा पीएफ बुडवणाऱ्याचा ठेका रद्द करा. या चार मागण्या घेऊन सुधार प्रन्यासावर आणि समाजकल्याणावर जाऊ. मोर्च्याला येताना बापाच्या पावत्यांची पिशवी घेऊन या. ज्याच्या घरी आहे त्याने. माझ्या घरी आहे, मी आणतो.

जयभीम.